गुत्त्याच्या भिंतीला लागून

१

घर मला बघताक्षणी आवडलं, तिथंच सगळं चुकलं. घर बघायला जाताना तोंड वाकडं करून जायचं असतं, म्हणजे समोरचा भाव धरून बसत नाही. मंचरपासून एसटीत संपत मला हेच पढवत होते. आणि पडवीत पाय ठेवल्याबरोबर मी म्हणाले, "अगं बाई, उजेड किती छान येतोय." संपतनी माझ्याकडं नुसतं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. घ्यायचं ते उखाण्यात, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. पण सांगताना सारखं 'हे' आणि 'ह्यांनी' केलं तर ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो, म्हणून मी आपलं संपत म्हणते. तोंडावर मात्र आजवर कधी म्हटलेलं नाही. लग्न होऊन कळंबला आले तेव्हा घरात दीर, जाऊ, सासू-सासरे, सगळे. नवऱ्याला जेवायला हाक कशी मारायची? मग मी शिलाई मशीनच्या लोखंडी पाटीवर शिवताना बोटात घालतात ते लोखंडी अंगुस्तान वाजवायची. टक-टक, जरा थांबून टक. कसल्याही आवाजात असले तरी संपतना तेवढं बरोबर ऐकू जायचं. हातातला पाना टाकून ते यायचे, आणि जाऊबाई पदरात हसायच्या.

ही गोष्ट दोन हजार एक सालची. संपतचा धंदा मोटार रिवायंडिंगचा. डिंभ्याच्या धरणाचं पाणी कालव्यानं खाली उतरलं तशा विहिरीवर, नदीवर, जिथं तिथं मोटारी बसल्या. वीज यायची ती कमी दाबाची, म्हणून त्या जळायच्याही भराभर. शेतकऱ्याच्या जिवाला घोर आणि आमच्या चुलीला लाकूड. पण कळंबला आमचा सगळा पसारा दिराच्या मागच्या खोलीत. रस्त्यावरून जाणाऱ्याला कळायचंसुद्धा नाही की इथं कुणी मोटार दुरुस्त करतं नि कुणी ब्लाउज शिवतं.

आणि हे घर रस्त्याला लागून. डिंभ्याच्या अलीकडं, भीमाशंकरला जाणारी सगळी वर्दळ दारावरून. पुढं रुंद पडवी, आत मोठी खोली, मागं स्वयंपाकघर, परसात शेवगा. पडवीच्या एका अंगाला माझी मशीन, दुसऱ्या अंगाला यांच्या मोटारी. मी उभ्या उभ्या मनात पडदेसुद्धा लावून टाकले.

फक्त एक गोष्ट होती. आतल्या खोलीची डावीकडची भिंत सामाईक होती, आणि भिंतीपलीकडं गुत्ता होता. सरकारमान्य देशी दारूचं दुकान, पाटीबिटी लावलेलं. घराला आजवर गिऱ्हाईक मिळालं नव्हतं ते त्याच्यामुळंच.

आणि संपत प्यायचे. प्यायचे म्हणजे, पूर्वी. दोन वर्षांपूर्वी भीमाशंकरच्या पिंडीवर हात ठेवून सोडली, ती सोडलीच. लोक म्हणतात सुटली की सुटली. ज्या बाईनं नवऱ्याला चिखलातून उचलून आणलंय ती असं म्हणत नाही. ती रोज संध्याकाळी त्याच्या पावलांचा आवाज ऐकते, आणि पावलं सरळ पडली की मगच तवा चुलीवर ठेवते.

२

घराचे मालक जवरीलाल शेठ. मंचरला त्यांचं किराण्याचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले, पण शेठची मराठी आमच्यासारखीच. माणूस सरळ.

"शेजार काय आहे ते तुमी बघितलंच," ते म्हणाले. "मी लपवून काय ठेवणार? घर माझ्या काकीचं. मोहनबाई. पुढं पडवीत तिचं मीठ-मिरचीचं दुकान होतं. काका गेले, आमी म्हटलं मंचरला चल, तर म्हणाली माझी माणसं इथं आहेत. इथंच गेली."

आमच्या सासरी एक पद्धत आहे. घर घ्यायचं झालं तर विसार द्यायच्या आधी तिथं चार दिवस चूल पेटवून बघायची. जागा माणसाला मानवते का, पाणी गोड लागतं का, झोप लागते का. शेठना हे सांगितलं तर त्यांनी लगेच किल्ली काढून दिली.

"राहा की. खुशाल राहा," ते म्हणाले. मग जरा अडखळले. "एक करा वैनी. दिवेलागणीला घरात कुणीतरी असू द्या. काकीचं तेवढं म्हणणं असायचं."

दिवेलागणीला बाई घरात नसेल तर कुठं असेल? मी हसून बरं म्हटलं. आमच्या लेकीला, श्रेयाला, जावेकडं ठेवली, भांडी-अंथरूण, मशीन आणि दोन जळक्या मोटारी टेम्पोत घातल्या आणि आम्ही राहायला आलो.

३

पहिल्या संध्याकाळी मी आतल्या खोलीत कंदिलाची काच पुसत बसले होते. लोडशेडिंगचे दिवस, वीज कधी जाईल नेम नाही. संपत परसात शेवग्याखालची घाण काढत होते.

पलीकडं गुत्ता भरला होता. मला वाटलं होतं शिव्या ऐकू येतील, भांडणं होतील. तसलं काही नव्हतं. बाकडी सरकत होती, ग्लास आपटत होते, कांद्याच्या भावावरून कुणीतरी सरकारची आईबहीण काढत होतं, पण तीही प्रेमानं. एकजण गौळण म्हणत होता आणि दर ओळीला विसरत होता. दारूचा तो संत्र्यासारखा वास कौलाखालून इकडं उतरत होता. मला तोच सगळ्यात जास्त टोचला.

मग अंधारून आलं. आणि पलीकडं सगळं गप्प झालं.

हळूहळू नाही. मास्तर वर्गात आल्यावर पोरं होतात तसं. गौळण म्हणणारा मध्येच थांबला. मी काच हातात धरून बसले. बाकड्याची कुरकुर नाही, ग्लासाचा आवाज नाही. इतकी सगळी माणसं भिंतीपलीकडं बसलेली होती आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं. काहीतरी ऐकत असल्यासारखी.

मग एक बाकडं करकरलं. चपला फरफटत कुणीतरी बाहेर पडलं. पुन्हा शांतता. मग दुसरा उठला. असे एकेक करून सगळे गेले. न भांडता, न रेंगाळता. कंदील लावेपर्यंत पलीकडं फक्त ग्लास विसळल्याचा आवाज उरला.

"बघ, गुत्ता असून किती शिस्त," संपत हात पुसत आत येऊन म्हणाले. "उगीच घाबरलीस."

मी कंदील उचलून भिंतीजवळ नेला. खाली मांडी घालून बसलं तर खांद्याच्या उंचीला येईल अशा जागी चुन्यात एक गोल खळगा पडला होता. शंभर ग्रॅमचं पितळी वजन असतं तेवढा, कडा गुळगुळीत झालेल्या. त्याच्या शेजारी, वीतभरावर, आणखी एक. बारका. बोटाचं टोक जाईल एवढाच.

"खिळ्याचा असंल," संपत म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

४

सकाळी एक म्हातारबा पडवीत येऊन बसले. डोक्याला मळकी टोपी, धोतराच्या सोग्यात चार वांगी. नाव कुशाबा. काल गौळण विसरत होते ते हेच.

"वैनी, घर उघडलं ते लई ब्येस झालं," वांगी माझ्यापुढं ठेवत ते म्हणाले. "काल ठोका कसा खणखणीत व्हता. लई दिवसांनी."

"कसला ठोका बाबा?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांना वाटलं मी थट्टा करतेय, म्हणून तेही हसले, आणि सगळं सांगत बसले.

गुत्त्याची पायरी बाईनं चढायची नाही, हा इथला रिवाज. रस्त्यात उभं राहून नवऱ्याला हाका माराव्यात तर चारचौघांत त्याची इज्जत जाते, मग तो मुद्दाम उठत नाही, आणि घरी आल्यावर बाईला भोगावं लागतं. म्हणून बायका मोहनबाईच्या दुकानात यायच्या. चहापत्ती घ्यायच्या, मीठ घ्यायच्या आणि जाता जाता म्हणायच्या, मावशी, आमच्याकडं भाकरी झाल्यात. जैनाची बाई ती, दिवस मावळायच्या आत स्वतःचं जेवण उरकलेलं. आत जाऊन भिंतीशी बसायची आणि तराजूतलं वजन घेऊन भिंतीवर ठोकायची. ज्याचा त्याचा ठोका निराळा. कुणाचा लांब-लांब, कुणाचा घाईचा. आपला आला की माणूस मुकाट उठायचा. कुणी कुणाला बोलावलं नाही, कुणी कुणाचं ऐकलं नाही, सगळ्यांची अब्रू शाबूत.

"माझा ठोका आला की हौशीराम माझ्या म्होरचा ग्लासच काढून घ्यायचा," कुशाबा म्हणाले. हौशीराम म्हणजे गुत्ता चालवणारा. "मोहनबाईचा त्येला लई धाक."

मला ती बाई एवढी आवडली. पाहिली नव्हती तरी. मी म्हटलं, "आणि त्या गेल्यावर?"

"गेल्यावर काय? ठोका येतोच की." एसटी येते तसं त्यांनी सांगितलं. "आमाला वाटलं शेटनी कुणाला ठिवलं असंल. मंग कुलूप बघितलं. मंग काय, गप बसलो. आपल्याला घरी जायाशी मतलब." ते थांबले. "पर काल तर तुमी व्हता ना घरात?"

"होते. कंदील पुसत होते. मी काही ठोकलं नाही बाबा. आणि मला काही ऐकूही आलं नाही."

कुशाबांनी उघड्या दारातून आत, त्या भिंतीकडं बघितलं.

"बरं," ते म्हणाले. "न्हाई तर न्हाई. वांगी आजच करा, उद्या निबार व्हत्यात."

५

नवीन बाई आली की गावातले म्हातारे तिची फिरकी घेतात, हे मला माहीत आहे. मी काही कालची नाही. त्या दिवशी दिवेलागणीच्या आधीच मी भिंतीजवळ जाऊन बसले आणि खळग्यावर तळवा दाबून धरला. म्हटलं, बघू आता कोण ठोकतंय.

संपत पडवीत मोटार उघडून बसले होते. दारातून त्यांची पाठ दिसत होती.

पलीकडं गलका होता. मग अंधारलं आणि तो थांबला.

भिंत गार होती. हाताखाली काही हललं नाही. आवाज नाही, थरथर नाही. माझाच श्वास तेवढा मला ऐकू येत होता. आणि पलीकडं बाकडं करकरलं, चपला फरफटल्या. पुन्हा शांतता. मी कान लावला. काही नाही. पलीकडं दुसरा उठला.

ते ऐकत होते. मी भिंतीच्या या बाजूला, जिथून आवाज निघायला हवा तिथं बसले होते, आणि आवाज फक्त त्यांना जात होता.

सगळे गेल्यावर हात काढला. खाली, माझ्या मांडीशेजारी, फरशीवर चुन्याची बारीक पांढरी रेघ पडली होती. सकाळी मी ती खोली सारवल्यासारखी लख्ख पुसली होती. जुना चुना झडतो, उंदीर पोखरतात, ओल येते. हे सगळं मी स्वतःला नीट समजावून सांगितलं आणि केरसुणी आणली.

"काय ऐकत व्हतीस?" संपत दारात येऊन उभे.

"काही नाही. उंदीर."

ते आत आले, माझ्याजवळ खाली बसले. पलीकडून तो संत्र्याचा वास येतच होता. माझी नजर त्यांच्या नाकाकडं गेली आणि त्यांनी ती पकडली.

"भ्या वाटतं का तुला इथं?"

"जागेचं नाही वाटत. तुमचं वाटतं."

रागावतील असं वाटलं होतं. पण ते जमिनीकडं बघत म्हणाले, "मलाबी माझंच वाटतं." आणि माझ्या हातातली केरसुणी घेऊन त्यांनी तो चुना स्वतः भरला. अशा माणसावर रागवायचं तरी कसं, सांगा.

६

तिसऱ्या दिवशी दुपारी कुशाबा बायकोला घेऊन आले. चिमाबाई. ठेंगणी, तोंडाची फटकळ, मला लगेच जवळची वाटली. तिला चोळी शिवून हवी होती. मी पडवीत मशीनवर बसले, ती मापाला उभी, आणि कुशाबा खांबाला टेकून.

मीच विषय काढला. म्हटलं, बाबा, ठोके दाखवा तरी कसे कसे. त्यांना तेवढंच पाहिजे होतं. बोटाच्या पेरानं पडवीच्या खांबावर एकेक वाजवून दाखवायला लागले. हा पाटलाच्या धाकट्याचा, हा पोष्टमनचा, हा माझा.

"तुमचा ठोका मावशीला सांगून आले की मी घरात पाटा-वरवंटा लपवत व्हते," चिमाबाई म्हणाली. "न जाणो, माझाच हात उठला तर."

आम्ही हसलो. कुशाबापण हसले. मग म्हणाले, "आन एक हाय, त्येला मालकच न्हाई."

"म्हणजे?"

"मागल्या दिवाळीपास्नं यायला लागला. समदी गेली, हौशीराम एकटा ग्लास धूत असला, की येतो. मोहनबाईचा न्हाई तो. वजनाचा न्हाईच. बारीक आवाज, लोखंडी. येतो, थांबतो, पुन्ना येतो. कुणाचा म्हून आमी समद्यांनी इचारलं. कुणाचाच न्हाई. हौशीराम म्हणतो, मालक यायचा असंल अजून."

आणि त्यांनी खांबावर वाजवून दाखवलं.

टक-टक. जरा थांबून टक.

मी सुईत दोरा ओवत होते. तो मला नंतर ओवताच आला नाही. चिमाबाई म्हणाली, "अगं, दोरा का जाईना?" मी म्हटलं, उजेड कमी आहे. भर दुपार होती.

मागल्या दिवाळीला आम्ही कळंबला होतो. हे घर आहे हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं.

७

चौथ्या दिवशी सकाळी मी सांगून टाकलं. "आपल्याला हे घर नको."

संपतनी चहाची कपबशी खाली ठेवली. "का?"

काय सांगणार? की माझा ठोका माझ्या आधी येऊन इथं वाट बघतोय? तुमची? गुत्त्यात? ते काय समजायचं ते समजले.

"माझा भरवसा न्हाई ना तुला," ते म्हणाले. चिडून नाही. चिडले असते तर बरं झालं असतं. शर्ट घातला, किल्ली खिशात टाकली. "शेटला देऊन येतो. दिवस मावळायच्या आत येईन. सामान बांधून ठेव."

दिवसभर मी सामान बांधत होते आणि रडत होते. घर सुंदरच होतं हो. दुपारी मागच्या दारात शेवग्याची सावली यायची, पडद्याचं कापडसुद्धा मी मनात ठरवून ठेवलं होतं. अंगुस्तान मशीनच्या खणात टाकलं आणि खण ओढून लावला.

दिवस कलला. डिंभ्याची एसटी आली का गेली कळलं नाही, तिचा काही भरवसाच नसतो. संपत आले नाहीत. निदान परत जायच्या आधी पोटात काही असावं म्हणून मी मागं चुलीशी बसले आणि पीठ मळायला घेतलं. दोन्ही हात पिठात, कान रस्त्याकडं.

पलीकडं गलका थांबला. रोजच्यासारखी माणसं एकेक करून उठून गेली. मी मोजत नव्हते, मी फक्त एकाच पावलाची वाट बघत होते.

आणि मग मला ऐकू आलं. चार दिवसांत पहिल्यांदा. पुढच्या खोलीतून, अगदी जवळून.

टक-टक. टक.

घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी पिठाचे हात तसेच वर धरून उठले आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. खोलीत दिवा लावलेला नव्हता. खिडकीतून राखाडी उजेड येत होता, तोही विझत आलेला.

भिंतीशी कुणीतरी बसलं होतं. माझ्याकडं पाठ. डोक्यावरून पांढरा पदर. मी ओरडायला हवं होतं. पण मला दिसला तो त्या पदराखालचा उजवा कोपर. तो हळूच हलायचा, मग थांबायचा, आणि बाई कान भिंतीला लावून ऐकायची. पुन्हा कोपर हलायचा. फार दमलेला होता तो हात. माझं हेच पहिल्यांदा लक्षात आलं, आणि भीती त्याच्यानंतर आली.

टक-टक. टक.

मग मागं न बघता ती थोडी सरकली. पंगतीत आपण उशिरा आलेल्याला जागा करून देतो, तेवढीच. तिच्या शेजारी, त्या बारक्या खळग्यासमोर, एका माणसाची जागा मोकळी झाली.

पडवीत पाऊल वाजलं. मी दाराकडं बघितलं. संपत होते. पुन्हा भिंतीकडं बघितलं तर नुसती भिंत.

ते आत आले आणि जिथं उभे होते तिथंच खाली बसले. मी जवळ गेले. वास घेतला, लाज सोडून, तोंडाजवळ तोंड नेऊन. वास नव्हता.

"गेलोच न्हाई मी मंचरला," ते म्हणाले. "फाट्यावर बसलो दिसभर. मंग वाटलं, तिला भरवसा न्हाईच तर कशापायी..." ते थांबले. "हौशीरामनं ग्लास भरून म्होरं ठिवला. मी त्येच्याकडं बघत बसलो. समदी उठून गेली, मी बसलो. हात लावला ग्लासाला. आन तू ठोकलंस."

मी भिंतीकडं बघितलं.

"कळंबला ठोकायचीस तसंच. मी उठलो. माझं मलाच कळलं न्हाई." त्यांनी वर बघितलं. "तूच ठोकलंस ना?"

तेव्हा त्यांची नजर माझ्या हातांवर गेली. मनगटापर्यंत ओलं पीठ. जमिनीवर, भिंतीवर कुठं पिठाचा डाग नाही. ते माझ्या हातांकडं बघत राहिले, मग भिंतीकडं, मग पुन्हा माझ्याकडं.

"हो," मी म्हणाले. "मीच. चला, हात-पाय धुवा. भाकरी टाकते."

८

सकाळी मी मशीनचा खण उघडला. अंगुस्तान होतं तिथंच होतं. त्याच्या टोकावरच्या बारीक बारीक खड्ड्यांत चुना भरला होता.

ते बोटात घालून मी भिंतीजवळ गेले आणि बारक्या खळग्यात धरलं. नेमकं बसलं.

मनात सगळे हिशेब मांडून बघितले, एकही जुळेना. मग संपतना उठवलं आणि म्हटलं, "शेठना विसार देऊन या."

ते डोळे चोळत बसले. "भ्या गेलं तुझं?"

"नाही गेलं," मी म्हणाले. "पण तुम्हाला हाक मारायला मी एकटी पुरायची नाही."

त्याला आता आठ वर्षं होतील. गुत्ता तिथंच आहे, संत्र्याचा वासही. कुशाबा अजून गौळण विसरतात. दिवेलागणीला पलीकडं सगळं गप्प होतं, माणसं उठून घरी जातात, आणि मला काही ऐकू येत नाही. त्या एका संध्याकाळनंतर पुन्हा कधीच नाही. मी त्या भिंतीला आजवर एकदाही ठोकलेलं नाही. बारका खळगा मात्र दर दिवाळीला चुना देताना थोडा खोल गेलेला असतो.

संपतनी पुन्हा थेंब घेतला नाही. कुठंही असू देत, कुणाच्या विहिरीवर, पार डिंभ्याच्या कडेला, अंधारायच्या आत पडवीत पाऊल वाजतं. एकदा मी विचारलं, इतक्या लांब कसं कळतं हो? तर म्हणाले, तू ठोकतेस की. मी पुढं विचारलं नाही.

मागच्या महिन्यात कपाट आणलं. संपत ते त्या भिंतीला लावायला निघाले. मी म्हटलं, तिथं नको. तिथं मी रोज मोहनबाईंना एक पाट मांडून ठेवते, आणि शेजारची जागा मोकळी. त्यांनी कपाट समोर लावलं. मग त्या मोकळ्या जागेकडं बघत म्हणाले, "ही तुझी, व्हय ना?"

"कधीतरी होईल."

पलीकडं नुकतंच सगळं गप्प झालं होतं.

"तू आधी गेलीस तर मी रोज पलीकडं जाऊन बसंन," ते म्हणाले. "प्यायला न्हाई. ऐकायला."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पदरानं पुसलं आणि म्हटलं, "बसा. पण ठोका आला की उठायचं."